एकट्याचं बिऱ्हाड: खारघरपासून अलिबागपर्यंत

खारघर, कामोठे, उलवे, नवी मुंबईच्या कुठल्याही नोडमध्ये इस्टेट एजंटच्या दुकानात भाड्याचं घर विचारायला गेलं, की बजेटच्याही आधी एक प्रश्न येतो: "फॅमिली की बॅचलर?" उत्तर दुसरं असलं, की दाखवायच्या घरांची यादी आखडते. मुलगी असेल तर पुढचा प्रश्न तयारच असतो: "मॅडम, एकट्याच राहणार? घरचे येऊन-जाऊन असतील ना?" मुलगा असेल तर, "नक्की किती जण राहणार ते आत्ताच सांगा हां, सोसायटीवाले नंतर आमच्या नावाने ओरडतात." यात एजंटाचा फारसा दोष नाही. त्याच्याकडची घरंच मुळात नवरा-बायको, दोन मुलं आणि गावाहून अधूनमधून येणारी आजी या हिशेबाने बांधलेली असतात.

तरीही रायगडच्या किनारपट्टीवर एकट्याने राहणारी नोकरदार मुलं-मुली ठायीठायी दिसतात. न्हावा-शेव्याच्या कंटेनर यार्डात कागदपत्रं सांभाळणारा, कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात इंटर्नशिप करणारी, तळोजा एमआयडीसीतला केमिस्ट, ऐरोलीच्या आयटी पार्कात जाणारा, अलिबागच्या बँकेत पहिलंच पोस्टिंग मिळालेली, डोलवीच्या पोलाद कारखान्यातला ट्रेनी इंजिनिअर. राहायचं कुठे, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि बहुतेक जण तो भाड्याच्या आकड्यावर सोडवतात. तिथेच गणित चुकतं. एकट्या माणसाच्या वस्तीची खरी परीक्षा रात्री दहानंतर होते: शेवटची गाडी कितीला आहे, ती गेल्यावर घरापर्यंत कसं पोचायचं, त्या वेळी जेवायला काय मिळतं, आणि ताप भरला तर दार वाजवायला शेजारी कोण आहे. कुटुंबात ही कामं वाटली जातात. एकट्याला ती वस्तीकडूनच करून घ्यावी लागतात.

पूर्वी हा प्रवाह उलटा होता. कुलाबा जिल्हा (रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचं) पिढ्यान्‌पिढ्या आपली तरुण मुलं मुंबईला धाडत आला. गिरणीत लागलेला गडी गिरगाव, परळ, लालबागच्या चाळीत आपल्या गाववाल्यांच्या खोलीवर पथारी टाकायचा. एका खोलीत दहा-पंधरा जण. पाळ्या वेगळ्या, म्हणून झोपायच्या वेळाही वेगळ्या. जेवण खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच दुनियेतून. त्या व्यवस्थेत गैरसोय पुष्कळ होती, पण मुंबईत उतरल्यावर जायचं कुठे, हे गावातून निघतानाच ठरलेलं असे. आज म्हसळ्याहून किंवा महाडहून पनवेलला नोकरीसाठी येणाऱ्या मुलाच्या हातात असते ती फक्त मोबाइलवरची जाहिरात.

आणि तो येतो ते शहर कागदावर आखलेलं आहे. मुंबईच्या पूर्वेला खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन त्यासाठी ठरली आणि १४ नोड आखले गेले. त्यांतले खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे, द्रोणागिरी हे रायगडात येतात. शाळा, बाजार, मैदान, दवाखाना यांची जागा सेक्टरनिहाय ठरली. एकटा राहणारा माणूस मात्र त्या आराखड्यात कुठे दिसत नाही.

खारघर या सगळ्यांत नावाजलेलं. डोंगर, पांडवकड्याचा धबधबा, सेंट्रल पार्क, गोल्फ कोर्स, निफ्ट, टाटा स्मारक केंद्राचं अ‍ॅक्ट्रेक, शिवाय इंजिनिअरिंगपासून हॉटेल मॅनेजमेंटपर्यंतची महाविद्यालयं. शिकायला आलेल्या मुलींमुळे इथे पीजीची सवय रुळली आहे. त्यामुळे नोकरी करणाऱ्या एकट्या मुलीला घर मिळवताना खारघरमध्ये जितकी कमी स्पष्टीकरणं द्यावी लागतात, तितकी आसपासच्या दुसऱ्या नोडमध्ये क्वचितच. रस्ते रुंद, दिवे असलेले, रात्रीही वर्दळ असलेले. भाडं मात्र कामोठे-कळंबोलीपेक्षा चढं. अ‍ॅक्ट्रेकच्या आसपासच्या खोल्यांना आणखी एक गिऱ्हाईक असतं: उपचारासाठी महिनोन्‌महिने राहणारे रुग्ण आणि त्यांचे नातलग. त्यांच्या गरजेपुढे कुणी कुरकुर करू नये, पण लहान खोली शोधणाऱ्याला तिथे चुरस आहे हे माहीत असलेलं बरं.

खारघरची खरी गोम अंतरात आहे. स्टेशन नोडच्या एका टोकाला आणि वस्ती डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेली. 'खारघरमध्ये फ्लॅट, स्टेशन जवळ' या जाहिरातीतल्या 'जवळ' या शब्दाचा अर्थ सेक्टर क्रमांक विचारल्याशिवाय कळत नाही. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर ही ११ किलोमीटरची मेट्रो सुरू झाली आणि आतल्या सेक्टरांचं नशीब उघडलं. आधी स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याच्या मनधरण्या करणारा माणूस आता बेलापूरलाच लोकल सोडून मेट्रोत बसतो. पण मेट्रो रात्री दहाच्या आसपास आटोपते आणि मुंबईहून सुटणारी शेवटची पनवेल लोकल मध्यरात्रीच्या सुमाराची. मधल्या दोन तासांत परतणाऱ्याला मेट्रोलगतच्या घराचा काडीचा उपयोग नाही. दुसऱ्या पाळीत काम करणाऱ्याने स्टेशनजवळची लहान खोलीच घ्यावी. दहा ते सहावाल्याने आत सरकून मोठी घेतली तरी चालेल. शनिवारी संध्याकाळी बिअर लागत असेल तर आणखी एक माहिती: खारघर दारूमुक्त असावं म्हणून इथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं लढा दिला आहे. हौशी मंडळी बेलापूर गाठतात.

कामोठे आणि खांदा कॉलनी यांच्याबद्दल फार लिहावं असं नाही, आणि तीच त्यांची खूण. मानसरोवर आणि खांदेश्वर स्टेशनांच्या चालण्याच्या अंतरात दाट वस्ती, रात्री उशिरापर्यंत उघडी दुकानं, जागोजागी पोळीभाजी केंद्रं. एमजीएममुळे शिकाऊ डॉक्टर आणि परिचारिकांना घर देण्याची सोसायट्यांना सवय आहे. अवेळी येण्या-जाण्यावर तिथे भुवया कमी उंचावतात. कळंबोलीत भाडं कमी, पण हार्बर मार्गावर स्टेशन नाही आणि लोखंड बाजारातले ट्रेलर चोवीस तास. द्रुतगती मार्गाने पुण्याला ये-जा करणाऱ्याला मात्र कळंबोलीसारखं ठिकाण नाही; महामार्गावर उभं राहिलं की गाडी मिळते. तळोज्यात घरं सर्वांत स्वस्तात मिळतात, सिडकोच्या सोडतीतली हजारो घरंही तिथेच आहेत. घर बघायला दुपारी जाऊ नये, रात्री जावं. औद्योगिक वसाहतीतून येणारा उग्र वास आणि कासाडी नदीचं प्रदूषण यांबाबत तिथल्या रहिवाशांच्या तक्रारी जुन्या आहेत, आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेलं आहे.

नोड म्हटले की इमारती डोळ्यांपुढे येतात. पण एकट्या नोकरदारांपैकी कितीतरी जण राहतात ते सेक्टरांच्या मधोमध उरलेल्या गावठाणांत. खारघरमध्ये कोपरा, बेलपाडा, मुर्बी, ओवे. कामोठ्यात मूळ कामोठे गाव. आगरी कुटुंबांनी आपल्या घरावर किंवा शेजारी दोन-तीन मजले चढवले, प्रत्येक मजल्यावर चार-सहा खोल्या काढल्या. अरुंद जिना, बाहेर ओळीने लावलेले विजेचे मीटर, दारात निळं पिंप, कठड्यावर वाळत टाकलेले कंपनीचे टी-शर्ट, खाली मालकाचं घर आणि त्याच्या ओट्यावर सुकटीचा वास. डिपॉझिट थोडं, एजंट नाही, फॅमिली-बॅचलरचा घोळही फारसा नाही. मालकीणबाईंना काकी म्हटलं आणि भाडं पाच तारखेच्या आत दिलं, की बाकी चौकशी नाही. हळदी, साखरपुडा, नवरात्र असलं की भाडेकरूंनाही जेवायचं आमंत्रण असतं, आणि त्या रात्री झोप मिळेल अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही.

या खोल्यांमागे मोठा इतिहास आहे. जमिनी गेल्या तेव्हा मिळालेल्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं. भूखंड मिळायला वर्षं लागली, कुटुंबं वाढली, आणि गावठाणाच्या हद्दीत व हद्दीबाहेर वाढलेल्या बांधकामांना सरकारी भाषेत 'गरजेपोटी बांधलेली घरं' असं नाव पडलं. ती नियमित करण्याचे निर्णय निघत राहिले, वादही चालू राहिले. शेतीचं उत्पन्न गेलेल्या घराला आता या खोल्यांचं भाडं आधार देतं. भाडेकरूच्या बाजूने तोटा एवढाच की इथला व्यवहार बहुधा तोंडी असतो. नोंदणीकृत करार नसला की बँकेत पत्ता बदलायला, गॅसजोडणीला, पासपोर्टच्या पोलीस पडताळणीला अडतं. त्यामुळे काकी कितीही प्रेमळ असल्या तरी करार करून घ्यावा.

तो करून घेणं सोपं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. वाद झाला आणि करार नोंदवलेला नसला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे मालकाला शांतपणे सांगितलं, की तो लगेच तयार होतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून येणारी रक्कम त्या भाड्यात मिळवतात. महिना १२ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट आणि अकरा महिन्यांची मुदत असेल तर हे शुल्क साधारण साडेतीनशे रुपये होतं. नोंदणी फी शहरी भागात हजार, ग्रामीण भागात पाचशे. घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते. एजंट त्यासाठी जे पॅकेज सांगतो, त्यात उरलेले पैसे कुठे जातात हे त्याला विचारायला हरकत नाही.

सोसायटीचं प्रकरण याहून नाजूक. 'आमच्या इथे बॅचलरला परवानगी नाही' हे वाक्य पनवेल परिसरात सर्रास ऐकू येतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदस्याला आपली सदनिका भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि करार व पोलिसांना दिलेली माहिती यांची प्रत द्यायची. भोगवटेतर शुल्कसुद्धा सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ठरलेलं आहे. हा कागद दाखवून सोसायटीच्या चिटणिसाला गप्प करता येतं, पण त्याच चिटणिसाकडे पाण्याच्या टँकरचा आणि पार्किंगच्या जागेचा ताबा असतो. कमिटीशी भांडून मिळवलेल्या घरात एकट्याने अकरा महिने काढणं कठीण. त्यापेक्षा ज्या इमारतीत आधीपासून दोन-चार बिऱ्हाडं आपल्यासारखी आहेत, ती शोधलेली बरी. वॉचमनला विचारलं की तो मजल्यासकट सांगतो.

एकट्याने राहायच्या ठिकाणांच्या यादीत जुनं पनवेल वर असायला हवं आणि नसतं. नगरपालिका १८५२ ची. आजची महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ची, जिल्ह्यातली पहिली. नोडमध्ये वाढलेल्यांना जुनं पनवेल कोंदट वाटतं: अरुंद रस्ते, लाईन आळी, मिरची गल्लीतली गर्दी, उरण नाक्यावरची मासळी, मीटरचं नाव न काढणारे रिक्षावाले. पण एकट्या माणसाला लागणारं सगळं दहा मिनिटांच्या चालीत असणारी वस्ती या पट्ट्यात दुसरी नाही. सकाळी सहाला चहा, रात्री अकराला जेवण, शिंपी, चप्पल शिवणारा, डबेवाली मावशी, जुने फॅमिली डॉक्टर, वडाळे तळ्याभोवती फिरायला जागा आणि नाटक बघायला वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह. फडके इथून जवळच्या शिरढोणचे. शिवाय वाडे आणि जुन्या इमारतींतून एका खोलीची घरं अजून मिळतात, जी नोडमध्ये मिळणं मुश्कील.

कोकणातून आलेल्यांसाठी तर पनवेलला तोड नाही. कोकण रेल्वेच्या गाड्या इथे थांबतात, एसटीचं आगार हाकेच्या अंतरावर, आणि गोवा महामार्ग इथूनच सुटतो. शुक्रवारी रात्री कामावरून सुटून पाठीवर सॅक टाकायची आणि पहाटे माणगाव, चिपळूण, संगमेश्वरला उतरायचं, हे ज्याला महिन्यातून दोनदा करायचं आहे त्याने खारघरच्या डोंगराची हवा सोडून द्यावी. ऑफिस ठाणे-ऐरोली-रबाळे पट्ट्यात असेल तर पनवेलहून थेट ठाणे लोकल आहे, आणि पनवेल हे उगमस्थान असल्याने सकाळी बसायला जागा मिळते. चर्चगेट किंवा फोर्टातल्या नोकरीला मात्र पनवेल लांबच. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जवळपास ५० किलोमीटर आणि सव्वा तासाहून जास्त, तेही रविवारचा मेगाब्लॉक नसेल तर.

आता उलवे. नवी मुंबई विमानतळाच्या नावावर जितकी घरं उलव्यात विकली गेली, तितकी या किनाऱ्यावर दुसरीकडे क्वचितच. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. त्याआधी ११ नोव्हेंबर २०१८ ला लोकल खारकोपरपर्यंत आली, आणि १२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि रेल्वे उरणपर्यंत पोचली. नकाशावर पाहिलं तर उलवे मुंबईच्या कुशीत आलं आहे. एकट्या नोकरदाराचा हिशेब मात्र निराळा. शिवडी ते चिर्ले हा २१.८ किलोमीटरचा सेतू मोटारवाल्यांचा आहे: एका फेरीचे अडीचशे, परतीसह पावणेचारशे रुपये टोल. दुचाकीला तिथे बंदी आहे. म्हणजे पंचविशीतल्या नोकरदाराकडे जे वाहन असतं, त्याला हा पूल मिळतच नाही. त्याच्या वाट्याला येतात पुलावरून जाणाऱ्या मोजक्या वातानुकूलित बसगाड्या, किंवा बेलापूर-नेरूळला गाडी बदलून जाणारी लोकल. उरण मार्गावर गाड्या विरळ आहेत. एक चुकली की बामणडोंगरीच्या प्रशस्त, रिकाम्या स्टेशनात मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत वेळ मिळतो.

तरी काहींसाठी उलवे हाच उत्तम पर्याय आहे: विमानतळावर, न्हावा-शेवा बंदरात किंवा भोवतीच्या गोदामांत ज्यांचं काम आहे, आणि ज्यांच्याकडे स्वतःची दुचाकी आहे. नव्या इमारती, त्यांतले पुष्कळ फ्लॅट गुंतवणुकीपोटी घेऊन रिकामे ठेवलेले. असा मालक पुण्याला नाहीतर परदेशात असतो आणि त्याला वेळेवर भाडं देणारा, सामान कमी असणारा भाडेकरूच हवा असतो. 'बॅचलर चालेल' हे उत्तर म्हणूनच उलव्यात खारघरपेक्षा लवकर मिळतं. रिकाम्या फ्लॅटांच्या इमारतीत रात्री मजल्यावर एकच दिवा लागतो, हे एखाद्याला आवडतं, एखादीला नाही.

पाणी हा उलवे-द्रोणागिरी-करंजाडे पट्ट्याचा जुना घोर आहे. सिडकोच्या या बाजूच्या नोडना पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणातून पाणी येतं. त्याच पेणच्या खारेपाटातली गावं पिण्याच्या पाण्यासाठी आंदोलनं करत आली आहेत, हा विरोधाभास या जिल्ह्यात सगळ्यांना पाठ आहे. एप्रिल-मेमध्ये टँकर सुरू होतात आणि खर्च देखभाल शुल्कात किंवा भाडेकरूच्या माथी येतो. एकट्याला पाणी कमी लागतं हे खरं. पण पाणी सकाळी साडेनऊ ते साडेदहा येत असेल आणि आपण त्या वेळी लोकलमध्ये असू, तर नळ उघडायला घरात दुसरं कोणी नसतं. घर बघताना टाकी कुणाची, किती मोठी आणि पाणी किती वाजता, हे विचारून घ्यावं.

खुद्द उरण गावात राहणारे बाहेरचे तरुण थोडे; बंदर, ओएनजीसी आणि वीज केंद्राच्या नोकऱ्यांमुळे जे येतात ते बहुधा वसाहतींत किंवा द्रोणागिरीच्या नव्या इमारतींत. मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते. दक्षिण मुंबईत नोकरी असणाऱ्या उरणकरांची ही जुनी वाट रेल्वे आल्यावरही पूर्ण सुटलेली नाही.

अलिबागची गोष्ट या सगळ्याहून वेगळी आहे, कारण अलिबाग कुणाचं उपनगर नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २० हजारांच्या थोडी वर. पनवेलची तेव्हाच १ लाख ८० हजार. 'अलिबाग से आया क्या?' या हिंदी सिनेमातल्या टोमण्यावर बंदी आणावी म्हणून एका अलिबागकराने न्यायालयात याचिका केली होती आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती फेटाळली. आज चोंढी-किहीमच्या बाजूचा जमिनीचा भाव ऐकला, की अडाणी कोण ठरलं याचा निकाल न्यायालयाबाहेरच लागतो.

अलिबागला एकटे येतात ते बदलीवर किंवा पहिल्या नेमणुकीवर: जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, बँका, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, थळचा आरसीएफ, उसरचा गेल प्रकल्प. त्यांच्यासाठी सोयीचा पट्टा म्हणजे शहराला चिकटलेलं चेंढरे आणि आरसीएफच्या वसाहतीमुळे वाढलेलं कुरूळ. कार्यालयं सायकलच्या अंतरावर, संध्याकाळी समोर कुलाबा किल्ला, आणि भाडं भरून पगार उरतो. रात्री मात्र नऊ-साडेनऊला बाजार शांत. समाजजीवन हवं असेल तर वाचनालय, नाट्यसंस्था, क्रिकेटचा संघ असं काहीतरी धरावं लागतं. नाहीतर संध्याकाळ लांबते.

घर शोधायला वरसोली, नागाव, किहीमकडे जाणाऱ्याची एक अडचण होते. समुद्राजवळच्या मालकाला शनिवार-रविवारचा पर्यटक जे पैसे देतो, त्यात भाडेकरूचा अर्धा महिना निघतो. त्यामुळे खोली मिळाली तरी 'सीझनला' ती रिकामी करावी लागेल अशी अट अधूनमधून कानावर येते. तसल्या करारात पडू नये.

आणि मग मुंबईत ऑफिस, अलिबागेत घर, हे स्वप्न. करोनानंतर घरून काम करणाऱ्या काहींनी ते करूनही पाहिलं. गेटवे ते मांडवा बोट तासाभरात, तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस. हे सगळं ऑक्टोबर ते मे झकास चालतं. पावसाळा लागला की गेटवेच्या प्रवासी बोटी सप्टेंबरपर्यंत बंद. उरते ती मार्च २०२० पासून चालू झालेली भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो. तिच्यात दुचाकी चढवता येते, बारा महिने ती धावते, पण समुद्र खवळला की तीही थांबते. मग वडखळ-पेणमार्गे शंभरेक किलोमीटरचा रस्ता, आणि २०११ पासून रुंदीकरण चाललेला मुंबई-गोवा महामार्ग. आठवड्यातून एकदा-दोनदा ऑफिसला जाणाऱ्याला हे झेपतं. रोज जाणाऱ्याने पहिल्या जूनपर्यंतच हौस भागवून घ्यावी. शेवटची बोटही ऑफिसच्या मीटिंगसाठी थांबत नाही.

किनाऱ्याजवळच्या घराची आणखी एक बाजू ३ जून २०२० रोजी दिसली. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. मुरूड-श्रीवर्धनच्या कित्येक गावांत आठवडे वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर बंद होते. मुरूड किंवा श्रीवर्धनमध्ये नेमणूक झालेल्या शिक्षकाला, डॉक्टरला वस्ती निवडायचा प्रश्न फारसा नसतोच. जी पक्की खोली मिळेल ती घ्यायची. पत्र्याच्या छपराचं घर समुद्रासमोर कितीही देखणं असलं तरी स्लॅबची खोली आणि विहीर असलेलं अंगण, ही तिथल्या जुन्या माणसांची निवड ऐकावी.

येत्या काळात हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रावर कर्नाळा-साई-चिरनेर हे नवनगर वसवण्यासाठी एमएमआरडीएला प्राधिकरण नेमलं. लोक त्याला 'तिसरी मुंबई' म्हणतात, आणि गावांतून विरोधही आहे. जमिनीच्या जाहिराती मात्र केव्हाच लागल्या. विमानतळाचा, सेतूचा, नवनगराचा भाव आजच्या भाड्यात मिळवून सांगणाऱ्या मालकाला एकच विचारावं: आज रात्री साडेदहाला इथून स्टेशनला काय मिळतं? घर विकत घेणारा दहा वर्षांनंतरच्या रस्त्याचे पैसे आज देईल, त्याला ते परवडतं. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने का द्यावेत?

रेवस-करंजा पूल हे याचं उत्तम उदाहरण. किनारी महामार्गाची ही कल्पना मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या काळातली, म्हणजे चाळीस वर्षांहून जुनी. पुलाचं काम आता सुरू झालं आहे. तो झाला की उरण ते अलिबाग हा प्रवास थोडक्यात होईल, द्रोणागिरीत राहून अलिबागच्या कार्यालयात जाता येईल आणि चोंढीचं भाडं आणखी चढेल. तोवर करंजा ते रेवस लाँचच आहे. रेवस बंदरात गाळ साचलेला असल्याने मोठ्या ओहोटीला ती थांबते, आणि या बाजूने नोकरीला जाणाऱ्याला हजेरीची वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्याशी जुळवावी लागते.